दोन वर्ग, एक टीव्ही, एक फोन: तिसरी-चौथीत डिजिटल साधनं कशी वापरायची

उद्या वर्गात जे दाखवायचंय ते आज रात्रीच घरी डाउनलोड करून ठेवा. वर्गात नेटच्या भरवशावर राहायचंच नाही, ही माझी पहिली सूचना. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी आणि चौथी एकत्र घेते, पट २६. शाळेचा एक जुना लॅपटॉप आहे, लोकवर्गणीतून आलेला टीव्ही आहे आणि माझा स्वतःचा फोन. रेंज फक्त खिडकीपाशी येते आणि पावसाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही. आधी मी वर्गातच व्हिडिओ शोधायला बसायचे, तो लोड होईपर्यंत पोरं खिडकीबाहेर बघायला लागायची, आणि एकदा का लक्ष उडालं की मग कितीही चांगला व्हिडिओ लावा, उपयोग नाही.

म्हणून पेन ड्राइव्ह. टीव्हीला मागे यूएसबीचं भोक असतंच, त्यात एमपीफोर व्हिडिओ आणि जेपीजी फोटो बहुतेक टीव्हींवर सरळ चालतात. पीडीएफ मात्र बऱ्याच टीव्हींवर उघडत नाही, तेव्हा गोष्टीच्या पुस्तकाचं एकेक पान स्क्रीनशॉट काढून फोटो म्हणून टाका, नावापुढे ०१, ०२ असे आकडे द्या म्हणजे पानं क्रमाने येतात. फोनमधून पेन ड्राइव्हवर घ्यायला ओटीजी लागतं, म्हणजे फोनला पेन ड्राइव्ह जोडायचा जोड, छोटासा असतो, मोबाईलच्या कुठल्याही दुकानात मिळतो.

दुसरी गोष्ट, आधी पाठ ठरवा मग साधन शोधा. उलटं केलं की फसतं, म्हणजे कुणीतरी ग्रुपवर एक भारी अ‍ॅप टाकतं आणि आपण ते कुठल्या पाठात बसवायचं म्हणून शोधत बसतो. मी टाचण, म्हणजे पाठाचं नियोजन, काढताना स्वतःला एकच प्रश्न विचारते, की या पाठात असं काय आहे जे फळ्यावर, हातात किंवा शाळेबाहेर नेऊन मला दाखवता येत नाही? तेवढ्यासाठीच स्क्रीन, आणि तीही दहा मिनिटं. नंतर पोरांच्या हाताला आणि तोंडाला काम पाहिजे.

अपूर्णांकाचं घ्या. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात २००२ मध्ये फेट नावाचा प्रकल्प सुरू झाला, भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले कार्ल वायमन यांनी सुरू केलेला. त्यांच्या साइटवर गणित-विज्ञानाचे हलते-बोलते प्रयोग फुकट आहेत आणि त्यातले बरेचसे मराठीत भाषांतर झालेले आहेत. त्यात अपूर्णांकांची ओळख करून देणारा एक आहे, फाईल डाउनलोड केली की लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये नेटशिवाय उघडतो. वर्तुळ, आयत, पाण्याचं भांडं, केक, जे पाहिजे ते घ्यायचं, त्याचे चार भाग करायचे आणि एकेक तुकडा उचलून टाकायचा. पण मी त्याच्या आधी खरी भाकरी आणते. चतकोर म्हणजे काय हे आमच्या पोरांना घरून माहीत असतं, ते शाळेत फक्त आकड्यात लिहायचं असतं. भाकरी चार जणांत वाटून झाली की मग टीव्हीवर एक तुकडा टाकते, पाव. दोन, अर्धा. तीन, पाऊण. चार, एक. आणि इथेच थांबत नाही, स्क्रीनवर दुसरं वर्तुळ घेऊन पाचवा तुकडा टाकते आणि विचारते आता काय म्हणायचं? कुणीतरी 'सव्वा' ओरडतंच, कारण 'सव्वा किलो' दुकानात ऐकलेलं असतं. सहावा, दीड. सातवा, पावणेदोन. दहावा टाकला की अडीच. हे शब्द आपल्या भाषेत तयार आहेत, पोरांच्या कानावरून रोज जातात, फक्त ते पाच छेद चार आणि सात छेद चार आहेत हे कधी डोळ्यांना दिसलेलं नसतं. भाकरीत हे दाखवायचं तर भाकऱ्या पुरत नाहीत, स्क्रीनवर कितीही तुकडे टाका. साधन कुठे वापरायचं याचं मला हे सगळ्यात चांगलं उदाहरण वाटतं.

आणि लॅपटॉपपाशी तुम्ही बसू नका. एक मूल बटण दाबेल, दुसरं तुकडा कुठे टाकायचा ते सांगेल, बाकीचे पाटीवर लिहितील, दर दोन मिनिटांनी जोडी बदला.

आता आवाजाचं सांगते, कारण तो भाग मला फार आवडतो आणि फार कमी शाळांत वापरला जातो. झेनो-कँटो नावाची साइट आहे, २००५ पासून चालू, जगभरातले लोक पक्ष्यांचे आवाज रेकॉर्ड करून तिथे टाकतात. पक्ष्याचं इंग्रजी नाव टाकून शोधलं की यादी येते, कुठे रेकॉर्ड केलं तेही दिसतं, आपल्या भागातलं निवडायचं. जूनमध्ये शाळा उघडली की मी पावशा लावते, इंग्रजीत कॉमन हॉक-कुकू. चित्र दाखवत नाही, नाव सांगत नाही, फक्त आवाज तीनदा, स्पीकरवर. पोरांना म्हणते घरी जाऊन आजोबांना हा आवाज तोंडाने काढून दाखवा आणि विचारा हा कोण. दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग 'पेरते व्हा, पेरते व्हा' म्हणत येतो आणि सोबत पेरणीच्या दहा गोष्टी घेऊन येतो, त्या फळ्यावर लिहितानाच भाषेचा तास होऊन जातो. तसंच कोकिळ. पोरं म्हणतात कोकिळा गाते, पण तो कुहूकुहू करणारा नर असतो, काळा कुळकुळीत, मादी ठिपक्याठिपक्यांची असते. दोघांचे आवाज वेगवेगळे ऐकवा, फोटो मग दाखवा. एक काळजी मात्र घ्या, हे आवाज झाडाखाली जाऊन मोठ्याने लावू नका, विशेषतः विणीच्या दिवसांत, दुसरा पक्षी आपल्या हद्दीत आला असं समजून खरे पक्षी अस्वस्थ होतात. वर्गात ऐकायचं आणि बाहेर गप्प उभं राहून शोधायचं.

नकाशाचंही तसंच आधी-नंतर सांभाळायला लागतं. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्याप्रमाणे असतं हे तुम्हाला माहीतच आहे. पण जिल्हा ही तिसरीतल्या पोरासाठी फार मोठी गोष्ट, म्हणून सुरुवात गावापासून. आधी मैदानात खडूने किंवा काठीने गाव काढायचं, शाळा इथे, मारुतीचं देऊळ तिथे, ओढा कुठून जातो यावर भांडणं होऊ द्यायची. ती झाल्यावरच गूगल अर्थ उघडायचं किंवा इस्रोची भुवन ही नकाशांची साइट, जी २००९ पासून आहे, आणि वरून दिसणारं आपलं गाव दाखवायचं. शाळेचं छप्पर दिसलं की काय आरडाओरडा होतो ते एकदा अनुभवाच. मग बाहेर परत येऊन मैदानातला नकाशा दुरुस्त करायचा, ओढ्याचं वळण पुसून नीट काढायचं. सॅटेलाइटचा फोटो आधी दाखवला तर पोरं त्याचीच नक्कल काढतात, स्वतःच्या डोक्यातलं गाव कागदावर येतच नाही. नेट नसेल तर चार स्क्रीनशॉट पुरे, पूर्ण गाव, वाडी, तालुका, जिल्हा. गूगल अर्थमध्ये अंतर मोजायची पट्टी आहे, त्यात घर ते शाळा मोजून बघा, कोण सगळ्यात लांबून चालत येतं हे सगळ्यांना कळतं आणि त्या मुलाकडे बघायची नजर बदलते.

वाचनासाठी मी तीन ठिकाणं धरून आहे. पहिलं, 'प्रथम बुक्स' या प्रकाशनाची स्टोरीवीव्हर साइट, २०१५ मध्ये सुरू झाली, मराठी गोष्टी भरपूर, पातळ्या १ ते ४ अशा लावलेल्या, आणि क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यामुळे छापा, वाटा, भाषांतर करा, सगळं चालतं. दुसरं बालभारतीचं 'किशोर' मासिक, १९७१ पासून निघतंय, जुने अंक ऑनलाइन फुकट वाचायला आहेत, आणि बाई म्हणून सांगते, रोज मोठी सुट्टी संपल्यावर त्यातलं एक पान मोठ्याने वाचून दाखवलं तर वर्ग शांत व्हायला ओरडायची गरज पडत नाही. तिसरं दीक्षा हे सरकारी अ‍ॅप, २०१७ च्या शिक्षकदिनापासून, पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की त्या पाठाचं साहित्य येतं, अ‍ॅपमध्ये डाउनलोड करून नेटशिवायही चालतं. पुस्तकांत क्यूआर कोड आणणाऱ्या, सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हा पुस्तकातले हे क्यूआर कोड जगभर चर्चेत आले. फक्त कोड स्कॅन करून व्हिडिओ लावून दिला म्हणजे पाठ झाला असं नको, आधी स्वतः पूर्ण बघा, मला साधारण तीनातलं एक उपयोगी पडतं.

गोष्ट टीव्हीवर लावली की पहिल्या फेरीत मजकूर झाकायचा, खाली पुठ्ठा लावला तरी चालतो. फक्त चित्रं, आणि गोष्ट पोरांनी सांगायची. मग मजकूर उघडायचा. जी पोरं वाचताना अडखळतात ती चित्रांवर सगळ्यात जास्त बोलतात, आणि नंतर तोच शब्द छापलेला समोर आला की ओळखतात.

आणि हे नक्की करून बघा, फोनच्या कीबोर्डवर माईकचं चिन्ह असतं, भाषा मराठी ठेवून बोललं की अक्षरं उमटतात. एकेक मूल येऊन आपली गोष्ट बोलतं, काल शेळी हरवली, मामाच्या गावाला गेलो, काहीही, पाच-सहा वाक्यं. ते छापून दुसऱ्या दिवशी त्यालाच वाचायला द्यायचं. स्वतःचंच बोलणं असल्यामुळे न वाचणारं पोरही ते वाचून काढतं, माझ्या वर्गात असे चौघे याच्यातून वाचायला लागले. एवढं लक्षात ठेवा, मूल 'पानी आन्लं' म्हणतं आणि स्क्रीनवर वेगळंच काहीतरी येतं, तेव्हा त्याला 'नीट बोल' म्हणू नका. तुम्ही हाताने त्याने म्हटलं तसं टाइप करा, बाजूला पुस्तकातलं 'पाणी आणलं' लिहा, दोन्ही वाचून घ्या. घरची बोली चुकीची आहे असं त्या वयात एकदा मनात बसलं की मूल तोंड मिटतं.

चाचणीसाठी प्लिकर्स नावाचं अ‍ॅप. यात पोरांकडे काहीच लागत नाही, एक छापील कार्ड, त्यावर चौकोनी नक्षी, चारही बाजूंना ए, बी, सी, डी. जे उत्तर वाटतं ती बाजू वर धरायची, तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा आणि कुणी काय उत्तर दिलं ते लगेच येतं. प्रत्येकाच्या कार्डाची नक्षी वेगळी असल्यामुळे शेजाऱ्याचं बघून उपयोग नाही. कार्डं जाड कागदावर छापा, चकचकीत लॅमिनेशन करू नका, उजेड परावर्तित होतो आणि कॅमेऱ्याला नक्षी दिसत नाही. याला मात्र थोडं नेट ठेवा. खरी मेहनत प्रश्नात आहे, चुकीचे पर्याय पोरांच्या खऱ्या चुकांमधून घ्यायचे. तीनशे पाच कसं लिहाल? ३५, ३०५, ३००५, ५०३. ज्यांनी ३००५ धरलं ते ऐकलं तसं लिहितायत, ज्यांनी ३५ धरलं त्यांना शून्याची जागा कळलेली नाही, म्हणजे दोघांना वेगळं शिकवायचंय. हे वही तपासून मला रात्री कळायचं, आता तासाच्या आतच कळतं.

व्हिडिओ दाखवायचा झाला तर आवाज बंद करून दाखवा. बी रुजतानाचा एक मिनिटाचा व्हिडिओ, आवाज बंद, आणि पोरांनी बोलायचं काय चाललंय. मध्येच थांबवा, आता आधी पान येईल का मूळ? हात वर करून घ्या, मग पुढे. यूट्यूब मुलांसमोर थेट उघडू नका, जाहिरात कुठली लागेल आणि एक संपल्यावर पुढचं काय सुरू होईल ते आपल्या हातात नसतं.

अरविंद गुप्तांची साइट तर प्रत्येक शिक्षकाने पाठच करावी अशी आहे, टाकाऊ वस्तूंची खेळणी, छोटे व्हिडिओ, मराठी पुस्तकंही. त्यांचा काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांचा प्रकार आम्ही दरवर्षी करतो. काड्यांचे गुल आधी खरवडून काढायचे, हे तुम्ही स्वतः करा. ट्यूबच्या तुकड्यांत काड्या खोचून त्रिकोण आणि चौकोन करायचा, दोन्ही दाबून बघायचे. चौकोन वाकतो, त्रिकोण हलत नाही. मग घराच्या छपराकडे, विजेच्या टॉवरकडे बघायचं. यात स्क्रीन दोन मिनिटं, काड्या चाळीस मिनिटं.

दोन वर्ग एकत्र असतील तर वेळापत्रक असं लावा की रोज एकाच गटाकडे लॅपटॉप असेल, पाच-सहा जणांचा गट, बाकीच्यांना लेखी काम, आणि कुणाचा दिवस कुठला ते भिंतीवर लिहून ठेवा म्हणजे 'बाई माझा नंबर' बंद होतं. मुलींचा नंबर बटणावर येतो ना ते मुद्दाम बघा, गटात मुलगे लॅपटॉप ओढून घेतात.

मुलांचे फोटो, व्हिडिओ पालकांना विचारल्याशिवाय ग्रुपवर टाकू नका. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते असं स्पष्ट म्हटलंय, आणि कायदा नसता तरी ते पोर कुणाचंतरी आहे. अ‍ॅपमध्ये नावाऐवजी हजेरी क्रमांक टाका, काम तेवढंच होतं. आणि एआयकडून शाब्दिक उदाहरणं बनवून घेत असाल, मीही घेते, तर प्रत्येक उदाहरण आधी स्वतः सोडवा, उत्तर चुकलेलं असू शकतं आणि मराठीही कधीकधी कुणी बोलत नाही अशी येते.

पेन ड्राइव्हवर इयत्ता, विषय, पाठाचं नाव असे फोल्डर केलेत, प्रत्येकात एक छोटी फाईल, काय चाललं, पोरांनी कुठला प्रश्न विचारला, पुढच्या वर्षी काय बदलायचं. माझी बदली होईल तेव्हा तो शाळेच्या कपाटात राहील, वर चिकटपट्टीवर तिसरी-चौथी लिहून ठेवलंय.