हब दिसला म्हणून प्रथिन महत्त्वाचं ठरत नाही

प्रकल्पासाठी येणारी मुलं सायटोस्केप या जाळी काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रथिनांचं जाळं उघडतात, डिग्रीचा रकाना उतरत्या क्रमाने लावतात आणि वरची दहा नावं ‘सगळ्यात महत्त्वाची प्रथिनं’ म्हणून माझ्यापुढे ठेवतात. डिग्री म्हणजे एका प्रथिनाचे किती जोडीदार नोंदले गेलेत तो आकडा. तो खूप मोठा असेल ते प्रथिन म्हणजे हब. मी एवढंच विचारते: हा आकडा पेशीचा आहे, की प्रयोग करणाऱ्यांचा? ते तपासायची माझी रीत पुढे देते. दाखले यीस्टचे घेते, कारण तिथे उत्तर पडताळून बघता येतं.

सुरुवात जाळ्यापासून करूच नका. आधी ‘महत्त्वाचं’ म्हणजे काय ते वहीत लिहा. यीस्टमध्ये साधारण ६,००० जनुकं आहेत. ती एकेक करून काढून टाकलेल्या पेशींचा संच तयार आहे, आणि त्यावरून कळतं की पोषक माध्यमात सुमारे १,१०० जनुकांवाचून पेशी जगत नाही. ही झाली अत्यावश्यक जनुकं. ‘पोषक माध्यमात’ हे शब्द मात्र गाळू नका. उपासमार, उष्णता किंवा औषध समोर आलं की यादी बदलते.

आता मूळ दावा. २००१ मध्ये जेओंग, मेसन, बाराबाशी आणि ओल्टवाई यांनी ‘नेचर’मध्ये यीस्टच्या १,८७० प्रथिनांचं आणि २,२४० जोडण्यांचं जाळं मांडलं. पाच किंवा कमी जोडण्या असलेली सुमारे ९३ टक्के प्रथिनं होती आणि त्यातली २१ टक्के अत्यावश्यक निघाली. पंधराहून जास्त जोडण्या असलेली जेमतेम ०.७ टक्के, पण त्यातली ६२ टक्के अत्यावश्यक. फरक डोळ्यांत भरणारा आहे आणि तो खोटाही नाही. पण नीट बघा: उरलेल्या ३८ टक्के हबांवाचून पेशीचं अडलं नाही, आणि पाचाच्या आतल्या जोडण्यांवर भागवणाऱ्या कितीतरी प्रथिनांवाचून अडलं. ‘हब म्हणजे अत्यावश्यक’ असं त्या आकड्यांमध्ये कुठेच नाही.

जाळं घेताना स्ट्रिंग या प्रथिनांच्या जोडण्यांच्या संकेतस्थळावर थेट जाऊन ‘डाउनलोड’ दाबू नका. जोडणीवरच्या विश्वासाचा तिथला ठरलेला उंबरठा ०.४ असतो आणि एका रेषेमागे सात प्रकारचे पुरावे असू शकतात: प्रयोग, सहअभिव्यक्ती (जनुकं एकत्र चालू-बंद होणं), शोधनिबंधांत एकत्र आलेली नावं (टेक्स्टमायनिंग) वगैरे. दोन नावं एका सारांशात शेजारी छापली गेली म्हणून ती पेशीत एकमेकांना चिकटतात असं होत नाही. ‘फिजिकल सबनेटवर्क’ निवडा, टेक्स्टमायनिंगची खूण काढा, उंबरठा ०.७ करा. उतरवलेल्या फाइलमध्ये हाच ०.७ हा ७०० म्हणून दिसतो, तेव्हा गोंधळू नका. मग बायोग्रिड या जोडण्यांच्या नोंदसंग्रहातून त्याच प्रथिनाच्या जोडण्या काढा आणि प्रत्येकीपुढे पद्धत लिहा.

पद्धतीचा रकाना कंटाळवाणा वाटेल, पण निम्मं काम तिथेच होतं. यीस्ट टू-हायब्रिडमध्ये दोन प्रथिनांची जोडी-जोडीने परीक्षा होते, त्यामुळे बहुधा थेट संपर्क कळतो. पुल-डाउन आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीमध्ये (वजनावरून प्रथिनं ओळखण्याच्या पद्धतीत) एक प्रथिन ओढलं की त्याच्यासोबत अख्खं संकुल, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या प्रथिनांचा जुडगा, येतं. कोण आलं ते कळतं, कोणी कोणाचा हात धरला होता ते कळत नाही. लग्नाच्या ग्रुप फोटोवरून नाती सांगण्यासारखंच आहे हे. तरीही फाइलमध्ये रेषा तर हव्यातच, म्हणून कोणी ओढलेल्या प्रथिनापासूनच रेषा काढतं, कोणी सगळ्यांना सगळ्यांशी जोडून टाकतं.

या दुसऱ्या रीतीने काय होतं ते प्रोटिअसोम या प्रथिनं तोडणाऱ्या संकुलावर मोजून बघा. त्याच्या गाभ्यात, म्हणजे २०-एसमध्ये, अल्फा-बीटा-बीटा-अल्फा अशी चार कडी असतात, प्रत्येकी सात घटकांची. एकूण २८ घटक, पण प्रकार १४. सगळ्यांना सगळ्यांशी जोडलं की प्रत्येक प्रकाराला १३ जोडण्या मिळतात आणि जाळ्यात ९१ रेषा उमटतात. प्रत्यक्ष रचनेत मात्र एखाद्या अल्फा घटकाचा स्पर्श कड्यातल्या दोन शेजाऱ्यांना आणि लगतच्या बीटा कड्यातल्या थोड्यांनाच होतो. आता अत्यावश्यकतेचा रकाना शेजारी ठेवा. चौदापैकी तेरा अत्यावश्यक, एक नाही: प्री-९, म्हणजे अल्फा-३. ते काढलं तर त्याच्या जागी अल्फा-४ ची दुसरी प्रत बसते आणि गाडा चालू राहतो. डिग्री सगळ्यांची तेराच. तेव्हा या तेरांना अत्यावश्यक कोणी केलं? जोडण्यांच्या संख्येने नाही. बिघडलेली, निकामी प्रथिनं तोडायचं जे काम हे संकुल करतं, त्या कामाने.

म्हणून माझी सगळ्यात आवडती पायरी ही. डिग्रीचे गट पाडा (१ ते ५, ६ ते १५, १५ च्या वर) आणि प्रत्येक गटात अत्यावश्यकांचं प्रमाण काढा. मग एकाच संकुलातल्या सदस्यांमधल्या रेषा पुसा, डिग्री नव्याने मोजा आणि तोच तक्ता पुन्हा करा. दोन्ही तक्ते शेजारी छापा. डिग्रीबरोबर वाढणारं प्रमाण दुसऱ्यात सपाट झालं, तर अत्यावश्यकतेचं नातं डिग्रीशी नव्हतं, संकुलाशी होतं. झोटेंको आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये याच दिशेने बोट दाखवलं: अत्यावश्यक काम करणाऱ्या दाट गटांत असल्यामुळे हब अत्यावश्यक ठरतात. त्याच वर्षी यू आणि सहकाऱ्यांनी टू-हायब्रिडचं काटेकोर जाळं प्रसिद्ध केलं, त्यात डिग्री आणि अत्यावश्यकता यांचा संबंधच दिसला नाही. उलट जास्त जोडण्यांची प्रथिनं काढल्यावर पेशीत वेगवेगळ्या प्रकारचे बिघाड अधिक दिसले. माझ्या मते हबाबद्दल म्हणण्यासारखं खरं हेच आहे: तो अनेक कामांत गुंतलेला असतो.

बिटवीननेस (इतर प्रथिनांमधल्या किती जवळच्या वाटा एका प्रथिनातून जातात तो आकडा) आणि त्याची भावंडं सायटोस्केपचं सायटोहबा हे जोड-साधन एका क्लिकमध्ये देतं. काढा, पण बारा मोजमापं काढून त्यांतली आवडीची नावं उचलू नका. एक डिग्री, एक बिटवीननेस, पुरे.

यानंतर वरची वीस नावं हाताने तपासा. जुळं जनुक आहे का बघा. एचएसपी-८२ आणि एचएससी-८२ ही यीस्टमधली एचएसपी-९० कुळातली जवळपास एकसारखी प्रथिनं, दोघांचे जोडीदार भरपूर. कुठलंही एक काढा, पेशी जगते. दोन्ही काढा, मरते. एकेकटं काढण्याच्या यादीत दोन्ही ‘अनावश्यक’ म्हणून बसलेली दिसतील. मग यूबीआय-४ बघा. यातून युबिक्विटिन नावाचं छोटं प्रथिन बनतं, आणि ते इतर प्रथिनांना चिकटवलं जात असल्याने पुल-डाउनमध्ये जिथे तिथे हजर. नेहमीच्या वाढीत हे जनुक नसलं तरी चालतं, कारण युबिक्विटिन देणारी आणखी जनुकं आहेत. उष्णता वाढली की मात्र त्याच्यावाचून हाल होतात.

माणसाच्या प्रथिनांकडे वळलात तर एक तपासणी वाढवा: त्या नावावर किती अभ्यास झालाय? गाठी रोखणाऱ्या पी-५३ या प्रथिनावर इतकं काम झालंय की त्याच्या जोडण्यांचा ढीग असणारच. कोणी शोधतच नसेल त्या प्रथिनाच्या जोडण्या येणार कुठून? आणि १९९२ मध्ये पी-५३ नसलेले उंदीर तयार केले तेव्हा ते बहुतांशी नीट वाढले, पण त्यांना लवकर गाठी झाल्या. म्हणजे पेशीच्या जगण्यासाठी एक उत्तर, प्राण्याच्या आरोग्यासाठी दुसरं. डेपमॅप (कर्करोगाच्या पेशींत एकेक जनुक बंद करून बनवलेला नोंदसंग्रह) मधला आकडा पहिल्याच प्रश्नाचा असतो: शून्याच्या आसपास म्हणजे जनुक गेलं तरी वाढ चालू, उणे एकच्या आसपास म्हणजे सहसा अत्यावश्यक. कुठल्या पेशीरेषेत, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींच्या कुठल्या वाणात, तेही शेजारी लिहा.

माझ्याकडे तक्ता आणाल तेव्हा त्यात एवढे रकाने हवेत: प्रथिन, डिग्री, संकुलाबाहेरची डिग्री, पुराव्याची पद्धत, संकुलाचं नाव, जुळं जनुक, अत्यावश्यक की नाही, कुठल्या माध्यमात किंवा पेशीत. जिथे माहिती नाही तिथे शून्य टाकू नका, रकाना रिकामा ठेवा.