टाकी फुल करून ट्रायल घेऊ नका

जुन्या जीपचं काम शिकायला पोरगं आलं की पहिल्या आठवड्यातच विचारतं, "दादा, गाडी उचलायची, म्हणजे उंच करायची कशी ते कधी दाखवणार?" मीही तसाच होतो. आयटीआयला मेकॅनिक डिझेलचं एक वर्ष काढून २०११ साली कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका गॅरेजात हेल्पर म्हणून लागलो, तेव्हा डोक्यात मोठे टायर आणि अडकलेली गाडी ओढायची विंच एवढंच होतं. हातात आली रॉकेलची परात आणि ब्रश. सहा महिने पार्ट धुतले. तुम्हालाही धुवावे लागतील. त्यात कमीपणा काही नाही. धुताना कुठला पार्ट कुठं घासलाय ते दिसतं, आणि निम्मं शिक्षण तिथंच होतं.

इंजिन कसं चालतं, फोर बाय फोर कधी टाकायचं हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. मी ज्यात फसलो ते मात्र सविस्तर सांगणार आहे. कंटाळा आला तरी वाचा.

एक महिंद्राची एमएम ५४० जीप आली होती. प्यूजोचं एक्सडीपी ४.९० इंजिन, २११२ सीसी, हे तुम्हाला ठाऊक असेलच. मालक शेतकरी, सासुरवाडी खाली कोकणात वैभववाडीला. तक्रार अशी की जाताना गाडी झकास जाते, येताना करूळ घाट चढताना मान टाकते. आधी ओढ कमी होते, मग आचके देते, मग बंद. हँडप्रायमर, म्हणजे डिझेलचा हातपंप, मारून लाइनमधली एअर काढली की चालू होते आणि थोडं वर येऊन पुन्हा बसते.

आमच्या मिस्त्रींनी ऐकलं आणि निकाल दिला, "पंप गेलाय." पंप म्हणजे नॉझलना दाबानं डिझेल देणारा पंप. तो उतरवला, कॅलिब्रेशनला पाठवला. नॉझल बदलले. फिल्टर नवा. गाडी जोडली, मालकाला डिझेलची टाकी फुल करायला सांगितली आणि पन्हाळ्यावर ट्रायल घेतली. एक आचका नाही. वाघबीळला चहा पिऊन खाली आलो. गाडी दिली.

पंधरा दिवसांनी त्याच घाटातून फोन. परत पंप उतरवला. या वेळी टाकीतून डिझेल ओढून आणणारा फीड पंप पण नवा टाकला. टाकी फुल, पन्हाळा, चहा. गाडी ओके. महिन्यानं पुन्हा फोन, आणि या वेळी मालक जे बोलला ते इथं लिहिता येणार नाही.

आता नीट लक्ष द्या. टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ढकललं जात नाही, ओढलं जातं. फीड पंपाच्या पुढं पाइपला भोक पडलं तर डिझेल बाहेर ठिबकतं, ओल दिसते, बोट लावलं की कळतं. मागच्या बाजूला भोक पडलं तर बाहेर बहुधा थेंबही दिसत नाही, उलट बाहेरची हवा आत जाते. पाइप कोरडा ठणठणीत दिसतो, आणि आपण म्हणतो लीकेज नाही. याच कोरडेपणानं मला फसवलं. त्यात आमचं भोक तर टाकीच्या आत होतं. टाकीत सोडलेल्या सक्शनच्या, म्हणजे डिझेल ओढायच्या, पाइपला साधारण मधोमध गंजून सुईच्या टोकाएवढं छिद्र पडलं होतं. टाकी भरलेली असली की छिद्र डिझेलमध्ये बुडालेलं, मग तिथून डिझेलच ओढलं जाणार, गाडीला काय फरक पडतो? टाकी निम्म्याच्या खाली गेली की छिद्र उघडं पडतं आणि पाइप हवा पितो. कोल्हापुरातून डिझेल टाकून निघालेल्या गाडीची टाकी येताना घाटापर्यंत निम्म्याच्या खाली आलेली असायची. वर चढाला इंजिन डिझेल जास्त मागतं, म्हणजे ओढ जास्त, म्हणजे हवा जास्त.

आणि आम्ही शहाणे दर ट्रायलला टाकी फुल करत होतो. दोष झाकून मग दोष शोधायला निघायचो.

सापडला कसा? मिस्त्रींना नाही, मलाही नाही. शेजारच्या लेथवर एक म्हातारे टर्नर होते, उभी हयात ऑइल इंजिनांच्या पार्टवर गेलेली. ते म्हणाले, "अरं, कॅन लाव की." पाच लिटरचा स्वच्छ कॅन बॉनेटपाशी बांधला, टाकीकडून येणारा पाइप काढून फीड पंपाला थेट कॅनमधून डिझेल दिलं. गाडी दिवसभर पळाली. म्हणजे पंप, नॉझल सगळे निर्दोष, चोर मागं. मग टाकीकडचा पाइप परत जोडून मध्ये वीतभर पारदर्शक नळी घातली. टाकी निम्मी होती. नळीतून बुडबुड्यांची माळ चाललेली, सोडा वॉटरसारखी. एअर काढल्यावर सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येतात, त्याला घाबरू नका. माळ तुटतच नसेल तर मागं जा. एकेक जोड, एकेक तांब्याचा वॉशर बघत टाकीपर्यंत.

मालकाचे पंपाचे पैसे परत मिळाले नाहीत. ते मला अजून टोचतं.

सक्शन लाइनला टेफ्लॉन टेप लावणाऱ्या माणसाकडून काही शिकू नका, हे माझं ठाम मत. टेपचे तुकडे आत सुटतात आणि फिल्टरपर्यंत पोचतात. बँजो बोल्टला, म्हणजे पाइप जोडायच्या पोकळ बोल्टला, नवा तांब्याचा वॉशर चहाच्या पैशात येतो. नसलाच तर जुना लालबुंद तापवून गार करा, तांबं मऊ पडतं आणि पुन्हा नीट बसतं. व्हिडिओ बघून शिकलेल्यांबद्दल माझं वाईट मत नाही, पण व्हिडिओत डिझेलचा वास येत नाही. आणि गुरू निवडताना तो किती हुशार आहे ते बघू नका, "माझं चुकलं" म्हणतो का ते बघा. माझे मिस्त्री हाताचे जादूगार होते, पण हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

मॉडिफिकेशनबद्दल थोडक्यात. लांब शॅकल, म्हणजे पाट्यांच्या टोकाचा जोड, टाकून गाडी उचलणं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात वाईट. पुढचा ॲक्सल फिरतो, कॅस्टर म्हणजे स्टेअरिंगच्या आसाचा पुढं-मागं कल बदलतो आणि हायवेला गाडी सरळ धरवत नाही. उचलायचीच तर पाट्यांचं काम करा, पण त्याआधी स्टेअरिंगचे किंगपिन आणि टाय रॉड एंड तपासा. मूळ ६.०० बाय १६ च्या जागी ३१ इंची टायर घातला की चाकाचा व्यास सुमारे ९ टक्के वाढतो. मीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६५ ला असते, ओढ कमी होते, ब्रेक तेच राहतात. गिऱ्हाइकाला हे तोंडावर सांगा. कायद्याचंही सांगा. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर निकाल दिला, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल चालत नाही. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी. "पासिंगला कोण बघतंय" म्हणणारा गिऱ्हाईक पासिंगच्या दिवशी तुमच्याच दारात येतो.

घाबरवतोय असं वाटेल, पण या जुन्या गाड्यांएवढी समजूतदार गाडी दुसरी नाही. सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही, पान्हा पोचत नाही अशी जागा क्वचित. दोन वर्षांत हात बसतो. माझा तर तीन वर्षांनी बसला, आणि आज माझी स्वतःची शेड आहे.

पावसाळ्याचं एक राहिलं. मसाई पठार किंवा दाजीपूरकडून ओढ्यातून आलेली गाडी दिसली की डिफरन्शियलचा, म्हणजे ॲक्सलमधल्या गिअरच्या पेटीचा, प्लग उघडून तेल बघा. दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, तेल लगेच बदला. तापलेला ॲक्सल गार पाण्यात बुडाला की आतली हवा आक्रसते, आणि तोही सक्शन पाइपसारखाच बाहेरचं आत ओढतो, ब्रीदर म्हणजे हवा जायच्या-यायच्या भोकातून नाहीतर सीलमधून. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती बॉनेटखाली उंच बांधायची. अर्ध्या तासाचं काम आहे. गिऱ्हाइकाला न विचारता मी करतो ते एवढं एकच मॉडिफिकेशन, आणि त्याचे पैसे लावत नाही.