नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला जाताय? या चुका टाळा

थंडीत निफाडचा घसरलेला पारा पेपरात झळकायला लागला की नाशिककरांना निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्य आठवतं. शहरापासून जेमतेम चाळीसेक किलोमीटर. तरी रविवारी दुपारी तिथल्या मनोऱ्यावर एक वाक्य हमखास कानावर पडतं, "एवढ्या लांब आलो, पण काहीच दिसलं नाही." पक्षी तिथंच असतात. एक तर आपण उशिरा पोचलेलो असतो, नाहीतर आपणच त्यांना उठवून लावलेलं असतं.

उशिराचं कारण बहुतेक वेळा मिसळ असते. आधी पोटभर मिसळ, मग अभयारण्य, असा बेत केला की पोचायला साडेदहा वाजतात. तोवर ऊन चढतं, पाणी चकाकायला लागतं आणि दुर्बिणीतून नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात. अंधारातच निघा, मिसळ येताना खा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे धुकं असलं तर माघारी फिरू नका, ऊन आलं की ते विरतं. गाडी चालवताना उसाच्या रस्त्यांवर उगाच उतरू नका. निफाडच्या उसात बिबट्या असतो, हे इथल्या शेतकऱ्यांना सांगावं लागत नाही.

पत्त्याचीही गफलत होते. मोबाईलवर नुसतं गावाचं नाव टाकलं तर गाडी थेट गावात किंवा बंधाऱ्यावर जाऊ शकते. चापडगावचं प्रवेशद्वार शोधा. मनोरे, माहिती केंद्र आणि आसपासच्या गावांतले गाईड तिथे आहेत. गाईड नक्की घ्या. कुठला थवा आज कुठे बसलाय हे त्यांना ठाऊक असतं, आणि गावातल्या पोरांना पाणथळ जागेतून रोजगार मिळाला तरच ती जागा टिकणार आहे.

"मागच्या वर्षी किती होते, यंदा का नाहीत?" याचं उत्तर पाण्यात असतं. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरच्या या बंधाऱ्यात शंभरेक वर्षं गाळ साचत आला. त्यातूनच उथळ पाणी, बेटं आणि दलदल तयार झाली. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालेली जागा ती हीच. पाणी तुडुंब असलं तर चिखलात चोच खुपसणाऱ्या पक्ष्यांना पाय टेकायला जागा उरत नाही. कालव्यांना आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाळीचं पाणी, सुटून पातळी उतरली की काठ उघडे पडतात आणि ते पक्षी परततात. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी गाईडला फोन करून पाणी किती आहे ते विचारा.

फ्लेमिंगोच बघायचा हट्ट धरून येऊ नका. ते कधी असतात, कधी नसतात. त्यापेक्षा काठाजवळ नजर ठेवा. काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरं गंध लावल्यासारखा दिसणारा पक्षी म्हणजे वारकरी. त्याच्या शेजारच्या पाणवनस्पतीत जांभळी पाणकोंबडी असेल. ती देठ उपटते, लांब बोटांच्या मुठीत धरते आणि चोचीने सोलून आतला मऊ गाभा खाते. हे बघायला दहा मिनिटं एका जागी, न बोलता बसावं लागतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जवळ जायची घाई. ती मीही केली आहे. एका सकाळी पट्टकादंबांचा, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेल्या रानहंसांचा, मोठा थवा काठावर विसावला होता. फोटो मिळावा म्हणून मी बांधावरून पुढे सरकलो. आधी दोघा-तिघांनी माना वर केल्या, मग सगळ्यांनी. तिथेच थांबायला हवं होतं. मी आणखी चार पावलं टाकली आणि अख्खा थवा उठला. हे पक्षी हिमालय ओलांडून येतात आणि परतीच्या प्रवासासाठी इथे अंगात चरबी साठवतात. माझ्या एका फोटोपायी त्यातली थोडी खर्ची पडली, याची आजही टोचणी आहे. पक्ष्यांनी चरणं थांबवून माना वर केल्या की समजावं, आपण फार जवळ आलोय. हळूच मागे व्हावं.

मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज वाजवणं, खडे मारून थवा उडवणं, फरसाण टाकणं हेही तसंच. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या व्याख्येत वन्यजीवांना हुसकावणं आणि आमिष दाखवणं हीसुद्धा शिकारच आहे. ड्रोन घरीच ठेवा. कपडे मातकट रंगाचे घाला, गाडीचं दार न आपटता दाबून लावा.

जखमी पक्षी सापडला तर लोक कळवळून त्याच्या चोचीत पाणी घालतात. ते श्वासनलिकेत जाऊन पक्षी दगावू शकतो. त्याच्यावर सुती कापड टाका, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा आणि प्रवेशद्वारावरच्या वनरक्षकाला कळवा. तिथे कुणी नसेल तर वनविभागाची हेल्पलाइन आहे, १९२६. निघायच्या आधीच हा नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा.