बटाट्याला नव्या घरी धाडण्याआधी

बटाट्या म्हणजे मत्स्यालयाच्या दुकानात दोन बोटांएवढं, हिरवंगार मिळतं ते लाल कानाचं कासव. आता त्याची पाठ 15 सेंटिमीटर लांब आहे आणि वजन 620 ग्रॅम. पाठीवर उंचवटे आलेत, म्हणून हे नाव. माझ्याकडे येण्याआधीच्या घरी त्याला वर्षानुवर्षं फक्त पाकिटातली सुकी कोळंबी मिळाली, ऊन अजिबात नाही. त्यामुळे कवच वेडंवाकडं वाढलं आणि डावा डोळा गेला. कवच आता घट्ट झालंय, आकार मात्र असाच राहणार. नव्या माणसाला हे पहिल्याच फोनवर सांगून टाकायचं. फोटोही वाकड्या बाजूचाच पाठवायचा. ‘कित्ती गोड’ म्हणणाऱ्यांपैकी निम्मे तिथेच गळतात, ते बरंच आहे.

त्याहीआधी कासव नक्की कुठलं ते बघा. डोळ्यामागे तांबडा पट्टा असेल तर ते अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. पाठीवर पिवळ्या चांदण्या असतील तर ते आपलं तारांकित कासव. ते घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. ते कुणाला द्यायचं नाही, वन विभागाला 1926 वर कळवायचं. कासवाऐवजी इग्वाना (मोठा परदेशी सरडा) किंवा बॉल पायथन (परदेशी अजगर) असेल तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, म्हणून देण्याघेण्याआधी कागद तपासा. आणि घर मिळत नाही म्हणून कुठलंही कासव देवळाच्या तळ्यात सोडू नका. लोकांना ते पुण्य वाटतं, पण बटाट्यासारखा परदेशी पाहुणा आपल्याकडच्या कासवांचं खाणं आणि उन्हाला बसायच्या जागा बळकावतो.

घर बघायला स्वतः जा. टाकी कुठे ठेवणार, हे आधी विचारा. कवचाच्या दर सेंटिमीटरला साधारण 15 लिटर पाणी धरतात. म्हणजे बटाट्याला सव्वादोनशे लिटर लागतं आणि तेवढ्या पाण्याचं वजनच सव्वादोनशे किलो होतं. ते टीपॉयवर मावत नाही. त्याला पोहायला जड जातं, म्हणून खोल काचपेटीपेक्षा पसरट टब चांगला. त्यात पाण्याबाहेर येता येईल असा खरबरीत उतार हवा, गुळगुळीत फरशीचा तुकडा नको. पाणी 24 ते 27 अंश, बसायची जागा 30 ते 32. नव्या घरी, नाशिकला, थंडी पुण्याहून कडक पडते, म्हणून हीटर हवाच, तोही जाळीच्या आवरणातला.

माझा सगळ्यात जास्त वाद होतो तो उन्हावरून. ‘आमच्या खिडकीत भरपूर ऊन येतं हो.’ येत असेल, पण हाडांना लागणारे उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण काचेतून जवळजवळ येतच नाहीत. गॅलरीत थेट ऊन द्यायचं तर टबचा अर्धा भाग सावलीत हवा, नाहीतर एप्रिलमध्ये कासव शिजेल. एरवी यूव्हीबी ट्यूब. ती पेटलेली दिसली तरी सहा महिने ते वर्षभरात तिचा जोर जातो, म्हणून बसवल्याची तारीख तिच्यावर मार्करने लिहून ठेवायची. आमच्या ट्यूबची मुदत संपत आली होती, म्हणून सोबत नवी देतेय.

खाण्याचं सामान एका डब्यात भरलंय: पेलेट (कासवांच्या खाण्याच्या तयार गोळ्या), शेवग्याचा पाला, किसलेला लाल भोपळा आणि समुद्रफेसाचा, म्हणजे माकूळ माशाच्या आतल्या पांढऱ्या कवचाचा, तुकडा. तो पाण्यात तरंगत ठेवला की हा कुरतडतो आणि कॅल्शियम मिळतं. पालक नको, त्यातल्या ऑक्सॅलेटमुळे कॅल्शियम अंगी लागत नाही. पोळीभात तर मुळीच नको. खाणं पाण्यातच द्यायचं, कोरड्यात त्याला गिळता येत नाही. आणि चिमटा नेहमी त्याच्या उजव्या बाजूने न्यायचा. डावीकडून नेला की तो दचकतो, मान आत घेतो आणि मग दहा मिनिटं रुसून बसतो.

घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर मी नाहीच म्हणते. कासवाच्या अंगावर साल्मोनेला हा जुलाब आणि ताप आणणारा जंतू असू शकतो. अमेरिकेत त्यापायीच 1975 पासून चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आहे. मोठ्यांनीही हात साबणाने धुवायचे आणि टब स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये घासायचा नाही. सरपटणारे प्राणी बघणारा डॉक्टर प्रत्येक गावात नसतो, म्हणून नाशिकचा नंबर आधीच मिळवून वहीत लिहिलाय. त्याच वहीत दर रविवारी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर (हो, खाली पेपर घालून) घेतलेलं वजन आहे.

प्रवासात पाणी नाही. भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा, तळाला ओला टॉवेल, वर अंधार. आदल्या दिवशी खाणं बंद. डबा डिकीत नाही, मांडीवर.

पहिला आठवडा तो बहुधा तोंड फिरवून बसेल. पाण्याचं तापमान बघा, टबवर एका बाजूने पंचा टाका आणि सारखं डोकावू नका. मात्र डोळे सुजले, नाकातून बुडबुडे आले किंवा तो एका कुशीवर कलंडून तरंगायला लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर, आणि मग मला फोन.