आईबाबांचा विमा किंवा इंटरनेटचा प्लॅन बदलायचा असेल तर

घरातल्या वयस्कर माणसांना 'कंपनी बदला, स्वस्त पडेल' एवढं म्हटलं की उत्तर ठरलेलं, राहू दे रे, चाललंय ना. म्हणून आधी बदलायचं नावच काढू नका, नुसतं मागच्या वर्षीचं आणि यंदाचं बिल शेजारी शेजारी ठेवा आणि विचारा, वापर तेवढाच असताना रक्कम का वाढली? बऱ्याचदा पहिल्या वर्षाची सूट संपलेली असते आणि पैसे ऑटो डेबिटने कटतात म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाही. मग जुन्याच कंपनीला फोन लावा, सोडतोय म्हटलं की कधीकधी तेच रेट कमी करतात, कटकटच मिटली.

आरोग्य विम्याला मात्र घाई नको. नुसता हप्ता बघून उडी मारली तर आधीपासूनच्या आजारांचा वेटिंग पिरियड, म्हणजे त्या आजारांचा खर्च विम्यातून मिळत नाही तो सुरुवातीचा काळ, नव्याने सुरू होऊ शकतो, शुगर-बीपी असलेल्या माणसाला हे फार महागात पडतं, त्यामुळे नवी कंपनी जुन्या पॉलिसीची वर्षं त्यात धरणार का हे लेखी घ्या आणि फॉर्ममध्ये एकही आजार लपवू नका, एजंट म्हणाला तरी नाही. नवी पॉलिसी हातात येईपर्यंत जुनी बंद करायची नाही.

मोबाईल नंबर, ईमेल त्यांचाच द्या, ओटीपी त्यांनाच येऊ दे. आणि सगळं समजावूनही नको म्हणाले तर नको, पैसे त्यांचे आहेत. बदललंच तर पुढच्या महिन्यात पासबुक बघा, जुना ऑटो डेबिट चालू राहिला की दोन्हीकडे पैसे जातात.