नायोबियम-ॲल्युमिनियमच्या सीमेवर काम सुरू करणाऱ्यांसाठी

प्रॉक्सिमिटी इफेक्टवर, म्हणजे अतिसंवाहकाला चिकटलेल्या धातूतही अतिसंवाहकता झिरपण्याच्या परिणामावर, पीएच.डी. सुरू करणाऱ्यांना पहिला इशारा हाच, की नायोबियम-ॲल्युमिनियमच्या जोडथराचा रोध शून्यावर आला म्हणजे ॲल्युमिनियमही अतिसंवाहक झाले, असे कदापि धरून चालू नका. नायोबियम सुमारे 9.2 केल्विनला अतिसंवाहक होते, ॲल्युमिनियम एकटे असेल तर 1.2 केल्विनच्या आसपास. द्रव हेलियमच्या 4.2 केल्विनला चार टोकांनी रोध मोजला, तर सारा प्रवाह नायोबियममधून विनाअडथळा निघून जातो आणि शेजारचा थर कोणत्या अवस्थेत आहे, याचा त्या मोजमापाला पत्ताच लागत नाही. उलट बाजूही तितकीच फसवी आहे: नायोबियम पुरेसे जाड असेल तर संक्रमण तापमान जेमतेम घसरते, म्हणून ते जागचे हलले नाही यावरून कूपर जोड्या (अतिसंवाहक प्रवाह वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या) पलीकडे पोहोचल्याच नाहीत, असेही म्हणता येत नाही. या कोड्याने मला फार छळले.

उत्तर हवे असेल तर ॲल्युमिनियमच्या बाजूने मोजावे लागते. त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर वाढवून वर दुसरा इलेक्ट्रोड बसवावा आणि टनेलिंगने, म्हणजे त्या ऑक्साइडमधून पार होणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या प्रवाहावरून, ऊर्जा-फट (कूपर जोडी तोडायला लागणाऱ्या ऊर्जेचे माप) पाहावी. नायोबियमची फट सुमारे 1.5 मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट असते, सुट्या ॲल्युमिनियमची 0.18च्या जवळपास, 4.2 केल्विनला ॲल्युमिनियमच्या बाजूने या दोहोंमधली फट स्पष्ट दिसली, तर सीमा खरोखर काम करते आहे. त्यासाठी दोन्ही थर निर्वात न मोडता एकापाठोपाठ बसवणे आवश्यक आहे. मध्येच चेंबर उघडला तर नायोबियमवर ऑक्साइड चढतो आणि सीमेची पारगम्यता, म्हणजे इलेक्ट्रॉन पार जाऊ देण्याची क्षमता, कोसळते.

अशुद्ध अतिसंवाहकांचे वर्तन सांगणाऱ्या, युसाडेल यांच्या 1970च्या समीकरणाला घाबरण्याचे कारण नाही, थोड्या सरावाने ते हाताशी येते. मात्र तयार प्रोग्रॅममध्ये पारगम्यता आणि कोहेरन्स लांबी (कूपर जोड्यांचा परिणाम किती अंतरापर्यंत टिकतो ते) दोन्ही मोकळ्या सोडून आलेख जुळवण्याचा सल्ला कोणी दिला, मग तो मार्गदर्शकाने का दिलेला असेना, तर तो मानू नये, कारण तशा रीतीने जवळजवळ कोणताही आलेख जुळतो. ॲल्युमिनियमची पुस्तकी 1600 नॅनोमीटर ही लांबी शुद्ध धातूची आहे. इलेक्ट्रॉनचा मुक्त पथ (दोन टकरींमधले सरासरी अंतर) 10 नॅनोमीटर असलेल्या फिल्ममध्ये ती सव्वाशेच्या घरात येते. म्हणून प्रत्येक स्पटरिंगच्या (फिल्म बसवण्याच्या) वेळी शेजारच्या काचेवर नुसत्या ॲल्युमिनियमची फिल्म घ्या, तिच्या रोधकतेवरून मुक्त पथ काढा आणि मगच जोडथराच्या आलेखाकडे वळा.