साइटवरच्या मजूर कुटुंबाचे कागद कसे करून द्यायचे (बडोदेकरांसाठी)

आमच्या वाघोडिया रोडला घरासमोर बिल्डिंगचं काम चाललंय, तिथे नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुव्याकडची तीन कुटुंबं आणि मध्य प्रदेशातल्या झाबुआची दोन, पत्र्याच्या खोल्यांत राहतात. नंदुरबारवाल्या बायकांना मराठी कळतं म्हणून पाणी भरायला आल्या की बोलणं सुरू झालं आणि लक्षात आलं की या लोकांकडे बऱ्याच गोष्टींचा हक्क आहे पण कागद अर्धवट, कुणाचा मोबाइल नंबर आधारला जोडलेला नाही, कुणाचं नाव रेशन कार्डावरच नाही. बडोद्यात आपण मराठी माणसं भरपूर आहोत आणि साइट तर प्रत्येक सोसायटीसमोर आहे, म्हणून मी जे शिकले ते लिहितेय. दोन-तीन रविवार लागतात, जास्त नाही.

सगळ्यात आधी हजेरीची वही. हे सरकारी काम नाही पण याच्याइतकं महत्त्वाचं काहीच नाही. इकडे पद्धत अशी की दर आठवड्याला खर्ची मिळते, म्हणजे भाजी-तेलापुरते पैसे, आणि खरा हिशोब शेवटी गावाला जाताना. वर गावातून निघताना मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, ते त्यातून कापायचे. आता तीन महिन्यांनी मुकादम म्हणाला की तुझे 70 नाही 58 दिवस भरले, तर मजुराकडे दाखवायला काय? म्हणून एक छोटी वही घ्या आणि रोज एक ओळ, तारीख, पूर्ण दिवस का अर्धा, किती खर्ची मिळाली. लिहिता येत नसेल तर पूर्ण दिवसाला उभी रेघ, अर्ध्याला आडवी, आमच्याकडची एक ताई असंच करते आणि शनिवारी मला वही आणून दाखवते, मी बाजूला तारीख टाकते आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवते. मुकादमाची सही दर आठवड्याला घ्यायचा प्रयत्न करा, नाही म्हणाला तरी वही थांबवायची नाही. आणि बाईची वही वेगळी! नवरा-बायकोची मिळून एकच हजेरी नवऱ्याच्या नावावर लावतात, तिच्या घमेल्यांचा हिशोब कुठेच राहत नाही, याचा मला फार राग येतो. गेल्या वर्षी दुसऱ्या एका साइटवरून ठेकेदार हिशोब न करता निघून गेला होता तेव्हा वही कुणाकडेच नव्हती, मी मध्ये पडूनही काही करू शकले नाही.

दुसरं रेशन. ‘एक देश एक रेशन कार्ड’ योजनेत गावचं कार्ड इथे चालतं, महाराष्ट्र आणि गुजरात तर 2019 च्या ऑगस्टमध्ये पहिल्यांदा जोडलेल्या राज्यांतच होते, तरी लोकांना वाटतं गावाला जाऊनच धान्य घ्यावं लागतं. कार्ड सोबत आणायचीही गरज नाही, नंबर आणि आधार पुरतो. माणशी महिन्याला 5 किलो, आणि सगळं एकदम उचलायचं नसतं, गावात सासू-सासरे असतील तर त्यांचा वाटा तिकडे राहू द्यायचा, आपला इथे घ्यायचा. अडचण येते ती अंगठ्याची. सिमेंट-चुन्यात काम करून बोटांच्या रेषा झिजतात आणि मशीन घेतच नाही. रात्री खोबरेल तेल चोळायचं, सकाळी साबणाने धुऊन कोरडं करून कामाला जायच्या आधी दुकानात जायचं. तरी नाहीच उठला तर कार्डावरच्या घरातल्या दुसऱ्या कुणाचाही अंगठा चालतो, म्हणून मोठ्या मुलीला सोबत न्या. दुकानदार इथलं कार्ड नाही म्हणून परत पाठवायला लागला तर तुम्ही स्वतः सोबत उभे राहा, फरक पडतो, हे मी बघितलंय.

ई-श्रम कार्ड, म्हणजे असंघटित कामगारांची सरकारी नोंदणी, सीएससी सेंटरवर (सरकारी ऑनलाइन कामं करून देणारं दुकान) होतं. वय 16 ते 59, पगारातून पीएफ किंवा ईएसआयसी (कामगार विमा) कापला जात नसावा. आधार, आधारला जोडलेला मोबाइल आणि बँक पासबुक न्यायचं, 12 आकडी नंबर मिळतो. मोबाइल जोडलेला नसेल तर आधी ते काम, सगळं तिथेच अडतं. बांधकाम मजुरांसाठी गुजरातेत याशिवाय ई-निर्माण कार्ड आहे, त्यासाठी मागच्या 12 महिन्यांत 90 दिवस बांधकामावर काम केलेलं लागतं (परत तीच वही!) आणि या कार्डावर कडिया नाक्याजवळच्या (सकाळी मजूर कामासाठी उभे राहतात तो चौक) श्रमिक अन्नपूर्णा केंद्रात 5 रुपयांत जेवण मिळतं. बँक खातं असेल तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा चालू करून द्या, वर्षाला 20 रुपये, अपघाती मृत्यूला 2 लाख. परांचीवर उभं राहून काम करणाऱ्या माणसासाठी हे 20 रुपये तुम्ही भरलेत तरी काय जातं.

मुलांचं सांगते. आमच्या समोर चार वर्षांची एक मुलगी दिवसभर रेतीच्या ढिगावर असायची, धाकटा भाऊ साडीच्या झोळीत, दोरी ओढायचं काम हिचं. जवळच्या अंगणवाडीत घेऊन गेले, ताईंनी नाव लिहून घेतलं. शाळेच्या वयाच्या मुलांना दाखला नाही म्हणून शाळा नाही म्हणू शकत नाही, 2009 चा शिक्षण हक्क कायदा आहे. महाराष्ट्रातून येणाऱ्यांनी जिल्हा परिषद शाळेतून निघतानाच शिक्षण हमी कार्ड मागून घ्यायचं म्हणजे परत गेल्यावर वर्ग चुकत नाही.

पैसे अडकले तर 15100 वर फोन करा, ही मोफत कायदेशीर मदतीची लाइन आहे. बायका आणि आदिवासी यांना कमाईची अट न लावता वकील मिळतो. आणि उचल फिटली नाही म्हणून माणसाला साइटवरून जाऊ देत नसतील तर ते वेठबिगारीत येतं, 1976 पासून बंदी आहे, तेव्हा सरळ कलेक्टर ऑफिसला अर्ज द्या.

वेळ लक्षात ठेवा. ही मंडळी होळीला गावी जातातच, पगार राहिला तरी जातात. म्हणून हिशोब होळीच्या आठ दिवस आधी मागायचा, सगळ्यांनी एकत्र, वह्या हातात घेऊन, आणि जमल्यास तुम्हीही तिथे उभं राहायचं, कारण शेवटच्या दोन दिवसांत मुकादमाचा फोन लागत नाही.